सोर्सवरून टेसरॅक्ट 5 टाकलं आणि जुनंही बिघडलं, आता निस्तरायचं कसं?

भाऊ, प्रश्न नीट वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात परत मांडतो. अमळनेरचं वाचनालय, जुनी मराठी मासिकं स्कॅन करून त्यांचा मजकूर काढायचाय, मशीनवर उबंटू (लिनक्स) 22.04, त्यात ॲप्टने, म्हणजे उबंटूच्या पॅकेज टाकणाऱ्या टूलने, आलेलं टेसरॅक्ट 4.1.1, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर काढणारा प्रोग्राम. कोणीतरी सांगितलं की 5 मध्ये जोडाक्षरं चांगली ओळखतं, म्हणून तुम्ही एक जुना व्हिडिओ बघून आधी त्याला लागणारी लेप्टोनिका लायब्ररी 1.80 आणि मग टेसरॅक्ट 5 सोर्सवरून (मूळ कोडवरून) कंपाइल केलं, दोन्हीला सूडो मेक इन्स्टॉल. मग शेअर्ड लायब्ररी सापडत नाही असा एरर आला, एलडीकॉन्फिग मारल्यावर तो गेला तर मराठी भाषाच सापडेना, मराठीची फाइल आणून ठेवली तर टिफ (स्कॅनच्या इमेज फाइली) उघडेना, आणि वैतागून जुनं 4.1.1 चालवायला गेलात तर तेही टिफ उघडत नाही, जे आतापर्यंत मस्त चालत होतं. ॲप्टने रीइन्स्टॉल करूनही फरक नाही. सोर्सचं फोल्डर डिलीट झालंय, आणि 24.04 वर जाता येत नाही कारण स्कॅनरचा ड्रायव्हर 22.04 पर्यंतच चालतो. शेवटी लिहिलंय "आते काय करानं?"

टेन्शन नका घेऊ, फॉरमॅट मारायची काहीच गरज नाही. (कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजीत टाका.)

तुमचं कंपाइल बरोबरच झालंय. लोकांना वाटतं सोर्सवरून टाकणं म्हणजे कंपाइल करणं हेच अवघड, पण ते काम कॉम्प्युटर करतो, आपण फक्त चहा पिऊन येतो. खरी गोची असते ती शेवटच्या ओळीत, मेक इन्स्टॉलमध्ये. उबंटूत कोणती फाइल कोणत्या पॅकेजच्या नावावर आहे याचा सातबारा डीपीकेजीकडे, म्हणजे ॲप्टच्या खाली चालणाऱ्या पॅकेज टूलकडे, असतो, /व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो मध्ये बघा, पॅकेजागणिक एकेक डॉट लिस्ट फाइल आहे, तिच्यात एकूण एक पाथ लिहिलेला. मेक इन्स्टॉल या तलाठ्याला विचारतच नाही, सरळ शेतात उतरतो आणि नांगर घालतो. कुठेही नोंद नाही, त्यामुळे ॲप्टला काढायला सांगितलं तर तो म्हणतो असलं काही माझ्याकडे नाहीच, आणि रीइन्स्टॉल केलं तर तो स्वतःच्याच फाइली परत जागेवर ठेवतो, ज्या आधीपासून ठीकच होत्या. तुमचं रीइन्स्टॉल म्हणूनच वाया गेलं.

आता चारही एरर एकेक करून बघू, कारण चारही एकाच मुळातून आलेत.

कॉन्फिगर करताना प्रीफिक्स (कुठे टाकायचं ते फोल्डर) दिला नाही तर सगळं /यूएसआर/लोकल मध्ये जातं, हा बहुतेक सोर्सचा जुना रिवाज आहे आणि तसा तो चांगलाच आहे, म्हणजे डिस्ट्रोचं सामान /यूएसआर मध्ये आणि तुमचं स्वतःचं /यूएसआर/लोकल मध्ये, दोघांनी एकमेकांच्या वाटेत यायचं नाही. पण लायब्ररी शोधणारा लोडर दर वेळी फोल्डर धुंडाळत बसत नाही, त्याच्याकडे तयार यादी असते, एलडी डॉट एसओ डॉट कॅश नावाची. नवीन लायब्ररी आली की एलडीकॉन्फिग मारून ती यादी ताजी करायची. ॲप्ट हे आपोआप करतं, मेक इन्स्टॉलवर सोडून चालत नाही. तो झाला तुमचा पहिला एरर. उबंटूत /यूएसआर/लोकल/लिब आधीपासून त्या यादीच्या रस्त्यात आहे म्हणून नुसतं एलडीकॉन्फिग पुरलं, फेडोरासारख्या ठिकाणी तो रस्ता हाताने जोडावा लागतो.

दुसरा, मराठी न सापडणं. 22.04 चं ॲप्टवालं टेसरॅक्ट भाषेच्या फाइली /यूएसआर/शेअर/टेसरॅक्ट-ओसीआर/4.00/टेसडेटा मध्ये ठेवतं, तुमचं कंपाइल केलेलं /यूएसआर/लोकल/शेअर/टेसडेटा मध्ये बघतं. घर बदललं आणि सामान जुन्या घरी राहिलं, बाकी काही नाही.

तिसरा आणि चौथा एकत्रच, आणि खरी मजा इथे आहे. लेप्टोनिका ही इमेज वाचणारी लायब्ररी, टेसरॅक्ट स्वतः टिफ-पीएनजी काही वाचत नाही, ते काम लेप्टोनिकाचं. आणि लेप्टोनिका पुढे लिबटिफ, लिबपीएनजी, लिबजेपेग यांच्यावर उभी. तुम्ही कंपाइल केलं तेव्हा लिबटिफचं डेव्ह पॅकेज (कंपाइलला लागणाऱ्या फाइलींचं) मशीनवर नसणार. अशा वेळी लेप्टोनिकाचं कॉन्फिगर (बिल्डआधी मशीन तपासणारी स्क्रिप्ट) थांबत नाही, मध्येच कुठेतरी एक 'नो' छापतं आणि टिफशिवायची लायब्ररी बनवून मोकळं होतं. मग चालवताना "फंक्शन नॉट प्रेझेंट" असा मेसेज येतो, तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये तोच आहे. खात्री करायची तर टेसरॅक्ट --व्हर्जन मारा, लेप्टोनिकाच्या ओळीखाली लिबजेपेग, लिबपीएनजी, लिबटिफ अशी यादी येते, तुमच्याकडे तिच्यात लिबटिफ दिसणार नाही.

मग जुनं 4.1.1 का बिघडलं? कारण लायब्ररीच्या फाइलला एक आतलं नाव असतं, एसओनेम म्हणतात त्याला, आणि प्रोग्राम लायब्ररीला त्याच नावाने हाक मारतो. टेसरॅक्टची 4 आणि 5 ची नावं वेगळी, एकाचं शेवटी 4, एकाचं 5, म्हणून ती दोघं गुण्यागोविंदाने राहतात. पण तुमची 1.80 ची लेप्टोनिका आणि 22.04 ची 1.82 ची लेप्टोनिका, दोघींचं एसओनेम एकच, लिबलेप्ट डॉट एसओ डॉट 5. एकाच नावाच्या दोन असल्या की उबंटूच्या रस्त्यात /यूएसआर/लोकल/लिब आधी येतं, म्हणून ॲप्टवालं टेसरॅक्टही तुमचीच टिफ न वाचणारी लेप्टोनिका उचलतं. एलडीकॉन्फिग -पी ला ग्रेप लेप्ट लावून बघा, लिबलेप्ट डॉट एसओ डॉट 5 च्या दोन ओळी येतील, वरची /यूएसआर/लोकल ची. एलडीडी /यूएसआर/बिन/टेसरॅक्ट केलं तरी तेच दिसेल. आणि गंमत म्हणजे लेप्टोनिका कंपाइल करायची गरजच नव्हती, टेसरॅक्ट 5 ला 1.74 किंवा पुढची चालते, तुमच्याकडे 1.82 होती. जुन्या व्हिडिओंचा हाच त्रास, तो ज्या मशीनवर केला तिथे जुनी असेल म्हणून त्याने केली, आणि बघणाऱ्याने चांगली होती ती झाकून टाकली.

आता निस्तरायचं.

सोर्स फोल्डर असतं तर त्यात जाऊन सूडो मेक अनइन्स्टॉल मारलं की झालं असतं (सगळ्या प्रोजेक्टमध्ये ही सोय असतेच असं नाही, पण या दोघांत आहे). ते नाही तर असं करा: तीच व्हर्जन परत उतरवा, अगदी तीच, लेप्टोनिका 1.80 आणि टेसरॅक्टची जी घेतली होती ती, त्याच पद्धतीने कॉन्फिगर करा, आणि मेक झाल्यावर इन्स्टॉल मात्र खोट्या जागी करा: मेक इन्स्टॉल डेस्टडिर=/टीएमपी/यादी. डेस्टडिर म्हणजे "सगळं इथे ठेव पण प्रत्यक्षात रूटला ठेवतोय असं समज". आता /टीएमपी/यादी मध्ये फाइंड मारलं की मागच्या वेळी कोणत्या फाइली कुठे गेल्या त्याची हुबेहूब यादी मिळते. ती एका टेक्स्ट फाइलमध्ये घ्या, डोळ्याखालून घाला, आणि तेवढ्याच फाइली खऱ्या /यूएसआर/लोकल मधून काढा. फक्त फाइली आणि लिंका, फोल्डर नाही. शेवटी सूडो एलडीकॉन्फिग, आणि ज्या टर्मिनलमध्ये काम करताय तिथे हॅश -आर, कारण बॅश जुना पाथ लक्षात ठेवतो आणि नसलेल्या फाइलवर जाऊन आदळतो. टाइप -ए टेसरॅक्ट मारून /यूएसआर/लोकल चा पाथ आता येत नाही ना ते बघा. हाताने आणून ठेवलेली मराठीची फाइल यादीत नसेल, ती वेगळी काढा.

कोणी म्हणेल एवढं कशाला, /यूएसआर/लोकल च रिकामं करून टाका. ना भो. सूडो पिपने टाकलेलं पायथॉनचं सामान तिथेच /यूएसआर/लोकल/लिब/पायथॉन3.10 मध्ये असतं, आणि तुमच्या स्कॅनरचा ड्रायव्हरही कंपनीने तिथेच ठेवला असण्याची दाट शक्यता आहे. लोकेट लेप्ट करून जे दिसेल ते उडवणं तर त्याहून वाईट, त्यात /यूएसआर मधली चांगली लायब्ररीही जाते.

एवढं झालं की 4.1.1 टिफ उघडायला लागेल. लगेच पुढे पळू नका, इथे थांबून एक गोष्ट तपासा: तुम्हाला 5 खरंच लागतंय का?

टेसरॅक्ट मूळ एचपीचं, 1985 ते 1994 च्या काळातलं, 2005 मध्ये ओपन सोर्स झालं, पुढे बरीच वर्षं गूगलने वाढवलं. मोठी उडी होती ती 4 मध्ये, 2018 साली, तेव्हा एलएसटीएम नावाचं न्यूरल नेटवर्क आलं आणि देवनागरीत खरा फरक तेव्हा पडला. 5.0 आलं 2021 च्या नोव्हेंबरमध्ये, त्यात कोड साफ केला, डबलऐवजी फ्लोट वापरून वेग वाढवला, पण भाषेचं मॉडेल तेच. म्हणजे "5 मध्ये जोडाक्षरं चांगली" हे अर्धवट खरं. मॉडेलचे मात्र प्रकार आहेत, फास्ट आणि बेस्ट, आणि ॲप्टने येतं ते फास्ट. बेस्टवालं मराठीचं मॉडेल, म्हणजे एमएआर डॉट ट्रेन्डडेटा ही एक फाइल, उतरवून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि आहे त्याच 4.1.1 ला --टेसडेटा-डिर ने ते फोल्डर दाखवा. काहीही कंपाइल न करता दहा पानं काढून बघा. स्कॅन 300 डीपीआयचं आहे ना तेही बघा, दीडशेच्या स्कॅनला कुठलीच व्हर्जन वाचवत नाही.

आता 5 घ्यायचं एक खरं कारण आहे आणि ते तुमच्या कामाला लागू पडतं. जुन्या मासिकांचा कागद पिवळा, कुठे वाळवी, कुठे ओलीचे डाग. टेसरॅक्ट आधी पान काळं-पांढरं करून घेतं, 4 मध्ये त्यासाठी एकच पद्धत होती, ओत्सू नावाची. 5 मध्ये आणखी दोन आल्या, त्यातली साउवोला पद्धत आजूबाजूचा कागद किती काळवंडलाय ते बघून त्या त्या ठिकाणची सीमा ठरवते. डागाळलेल्या पानांवर ती कामाची आहे. -सी थ्रेशोल्डिंग_मेथड=2 दिलं की झालं. तर बेस्ट मॉडेलने काम भागलं तर इथेच थांबा, नाही भागलं तर पुढचं वाचा.

24.04 मध्ये टेसरॅक्ट 5.3.4 आहे. तुम्ही 24.04 वर जाऊ शकत नाही, पण त्याचा सोर्स तर आपल्याकडे येऊ शकतो. मूळ प्रोजेक्टचा कोरा सोर्स घेण्याऐवजी उबंटूने पॅकेजसाठी तयार केलेला सोर्स घ्यायचा आणि 22.04 वर बिल्ड करायचा, याला बॅकपोर्ट म्हणतात. त्यात डेबियन नावाचं एक फोल्डर असतं, कंट्रोल फाइलमध्ये काय काय लागतं, रूल्स फाइलमध्ये कसं बनवायचं, चेंजलॉगमध्ये व्हर्जनचा इतिहास. ज्यांनी वर्षानुवर्षं हे पॅकेज सांभाळलंय त्यांची सगळी अक्कल त्या फोल्डरमध्ये आयती मिळते, ती सोडून स्वतः चाचपडण्यात काय अर्थ आहे.

करायचं असं. उबंटू-डेव्ह-टूल्स, डेव्हस्क्रिप्ट्स आणि बिल्ड-इसेन्शियल टाका. मग पुल-एलपी-सोर्स टेसरॅक्ट नोबल, नोबल हे 24.04 चं टोपणनाव. ती फाइली तपासून आणते. 24.04 ची सोर्सेस लिस्टमधली ओळ मात्र 22.04 मध्ये घालू नका, एखाद्या दिवशी ॲप्ट अपग्रेड मारलं की अर्धी सिस्टिम नोबल आणि अर्धी जॅमी (म्हणजे 22.04) होऊन बसेल, अशी मशीनं आमच्या जळगावला दुरुस्तीला येतात तेव्हा मी आधी डेटा काढून घेतो आणि मगच बोलतो. आलेल्या फोल्डरमध्ये जाऊन सूडो ॲप्ट बिल्ड-डेप आणि पुढे टिंब-स्लॅश. हा कंट्रोल फाइल वाचून लागणारी सगळी डेव्ह पॅकेजेस आणतो, आणि लेप्टोनिकाचं डेव्ह पॅकेज आलं की टिफवालं संकट परत येत नाही, कारण आता उबंटूची स्वतःची लेप्टोनिका वापरली जाते. कधी एखादी अट 22.04 कडे असलेल्या व्हर्जनच्या पुढची निघते, तेव्हा ती खरंच लागते का नुसती लिहून ठेवलीय ते बघून कंट्रोल फाइलमध्ये सैल करायची, पण डोळे मिटून नाही.

मग डीसीएच या टूलने चेंजलॉगमध्ये नवी नोंद करा आणि व्हर्जनच्या शेवटी टिल्ड (~) लावून वाचनालयाचं छोटं इंग्रजी नाव आणि 1 जोडा. टिल्ड विसरू नका. डीपीकेजीच्या हिशोबात टिल्ड लावलेली व्हर्जन ही न लावलेल्यापेक्षा लहान, म्हणजे उद्या स्कॅनरचा प्रश्न सुटला आणि 24.04 वर गेलात तर उबंटूचं अधिकृत पॅकेज मोठं ठरतं आणि तुमचं आपोआप बाजूला होतं. टिल्डऐवजी प्लस लावलं की तुमचंच मोठं ठरतं आणि वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतं.

आता डीपीकेजी-बिल्डपॅकेज -यूएस -यूसी -बी. यूएस-यूसी म्हणजे सही नको, बी म्हणजे फक्त बायनरी. इथे वेळ लागतो आणि इथेच आपल्याकडच्या दोन अडचणी येतात, वीज आणि ऊन.

ऊन म्हणजे थट्टा नाही. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगाव पट्ट्यात पारा 45 च्या आसपास असतो तेव्हा जुना लॅपटॉप सगळे कोर लावून तासभर चालला की प्रोसेसर तापून स्वतःच वेग कमी करतो, मग जे काम पहाटे पटकन होतं तेच दुपारी रेंगाळतं. उन्हाळ्यात बिल्ड रात्री लावा, पंख्यासमोर. आणि रॅम 4 जीबी असेल तर सगळे कोर लावूच नका, सी प्लस प्लसचा कंपायलर एकेका फाइलला शेकडो एमबी खातो, चार एकदम चालले की कर्नल त्यातला एक मारून टाकतो आणि स्क्रीनवर येतं "किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्राम सीसी1प्लस". लोक याला कोडची चूक समजून दिवसभर गूगल करतात, खरं तर रॅम संपलेली असते. -जे2 द्या, तरी अडलं तर -जे1.

वीज गेली तर? मेकची खुबी हीच की कोणती फाइल कधी बदलली ते वेळेवरून बघून तो फक्त राहिलेलं काम करतो, 1976 मध्ये बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी तो लिहिला तो याचसाठी. म्हणून वीज आल्यावर लोक परत मेक मारतात आणि बहुतेक वेळा ते बरोबर चालतं. पण वीज नेमकी एखादी डॉट ओ फाइल लिहिताना गेली तर ती फाइल शून्य बाइटची उरते, वेळ मात्र ताजी, त्यामुळे मेकला वाटतं ही तयारच आहे, आणि शेवटी लिंकर "फाइल नॉट रेकग्नाइज्ड" म्हणून अडतो. फाइंड टिंब -नेम डॉट ओ वाल्या -साइझ 0 असं शोधा आणि सापडतील त्या उडवा, किंवा सरळ मेक क्लीन. मी अशा मशीनवर सीकॅश टाकून ठेवतो, तो आधी कंपाइल झालेले तुकडे सांभाळून ठेवतो, मग क्लीन केलं तरी दुसऱ्या वेळी झटपट होतं. डीपीकेजी-बिल्डपॅकेज दर वेळी सुरुवातीला स्वतःच क्लीन करतो, त्यामुळे तिथे तर सीकॅश हवाच.

बिल्ड झालं की एक फोल्डर वर डॉट डेब फाइली दिसतील: टेसरॅक्ट-ओसीआर, लिबटेसरॅक्ट5, आणि डेव्हवालं. सूडो ॲप्ट इन्स्टॉल टिंब-स्लॅश फाइलचं नाव असं टाका, नुसतं डीपीकेजी -आय नको, ॲप्ट बाकीच्या गरजा पण बघतो. लिबटेसरॅक्ट4 शेजारी राहील, राहू द्या, दुसऱ्या कुणाला लागत असेल. भाषेचं फोल्डर मात्र परत बदलतं, 5 चं पॅकेज /यूएसआर/शेअर/टेसरॅक्ट-ओसीआर/5/टेसडेटा मध्ये बघतं आणि तुमची 22.04 ची भाषा-पॅकेजेस 4.00 वाल्या फोल्डरमध्ये. भाषांचं वेगळं सोर्स पॅकेज आहे, तेही बॅकपोर्ट करता येतं, पण त्यात जगभरच्या भाषा, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ते नका करू. तुम्हाला बेस्ट मॉडेलच हवंय तर /एसआरव्ही/टेसडेटा असं फोल्डर करा, त्यात मराठी, इंग्रजी आणि ओएसडीचे (पानाची दिशा आणि लिपी ओळखणारे) ट्रेन्डडेटा ठेवा, आणि टेसडेटा_प्रीफिक्स हे एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल त्या फोल्डरवर लावा. 5 च्या फोल्डरमधलं कॉन्फिग्स हे उपफोल्डर आणि पीडीएफ डॉट टीटीएफ ही फाइलही तिथे कॉपी करा, नाहीतर मजकूर निघेल पण सर्च होणारी पीडीएफ काढताना अडेल आणि परत वाटेल की बिल्ड फसलं. मॉडेल तेच चालतात, 4 चे 5 मध्ये.

चेकइन्स्टॉल नावाचं एक टूल आहे, तुम्हाला कोणीतरी तेही सुचवलंय. ते मेक इन्स्टॉलवर नजर ठेवून ज्या फाइली लिहिल्या जातात त्यांचं कामचलाऊ पॅकेज बनवतं. एका मशीनपुरतं, ज्या सॉफ्टवेअरचं डेबियन फोल्डरच कुठे नाही त्याला ठीक आहे, काढायची सोय तरी राहते. पण त्याला काय काय लागतं हे ते स्वतः शोधत नाही, म्हणून ते पॅकेज दुसऱ्या मशीनवर नेऊ नका. माझी स्वतःची पसंती अशा वेळी वेगळा प्रीफिक्स देण्याची, --प्रीफिक्स=/ऑप्ट/टेसरॅक्ट5, आणि एलडीफ्लॅग्जमध्ये आरपाथ (लायब्ररी कुठे शोधायची तो पत्ता) त्याच्याच लिब फोल्डरचा. बाकी सिस्टिमला याचा पत्ताही लागत नाही, आणि नको झालं की ते एक फोल्डर उडवलं की विषय संपला. फक्त चाखून बघायचं असेल तर पॅकेज न बनवता हेच करा.

गिटहबवरून कोरा सोर्स घ्यायची वेळ आली तर दोन गोष्टी. एक, तिथल्या आपोआप बनलेल्या टारबॉलमध्ये (सोर्सच्या एकत्र बांधलेल्या फाइलमध्ये) कॉन्फिगर नावाची फाइल नसते, टेसरॅक्टचंही तसंच, आधी ऑटोजेन स्क्रिप्ट चालवावी लागते आणि तिला ऑटोकॉन्फ, ऑटोमेक, लिबटूल, पीकेजी-कॉन्फिग लागतात. कॉन्फिगर अडलं तर स्क्रीनवरची शेवटची ओळ वाचून अंदाज बांधू नका, कॉन्फिग डॉट लॉग उघडा, खरं कारण तिथे असतं. अमुक हेडर नाही म्हटलं तर ॲप्ट-फाइल सर्चने ते हेडर कोणत्या पॅकेजमध्ये आहे ते सापडतं, आणि ते जवळपास दर वेळी -डेव्ह ने संपणारं पॅकेज असतं. नुसती लायब्ररी मशीनवर असून कंपाइलला भागत नाही, हेडर डेव्हमध्ये असतात.

दोन, कुठल्याही टेलिग्राम ग्रुपवरून किंवा व्हिडिओखालच्या लिंकवरून टारबॉल घेऊ नका, अधिकृत ठिकाणचा घेतला तरी शा256समने जुळवा, सही असेल तर जीपीजीने तपासा. 2024 च्या मार्चमध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या टूलचं जे प्रकरण झालं ते आठवतंय ना, 5.6.0 आणि 5.6.1 मध्ये चोरदरवाजा घातला होता, आणि तो सुरू करणारी स्क्रिप्ट गिटमध्ये नव्हती, फक्त प्रकाशित केलेल्या टारबॉलमध्ये होती, बिल्ड होतानाच ती कामाला लागायची. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या डेव्हलपरला एसएसएच लॉगिनला (दूरच्या मशीनवर शिरताना) अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला म्हणून ते सापडलं. तिथे तर सही पण खरी होती, मेंटेनरपैकीच एकाने केलेलं. म्हणूनही मी डिस्ट्रोचा सोर्स आधी बघतो, तिथे निदान आणखी चार डोळे असतात.

वाचनालयात दुसरी मशीनं असतील तर प्रत्येकावर बिल्ड करू नका. डेब फाइली पेनड्राइव्हवर नेऊन ॲप्टने टाका, मशीनं जास्त असतील तर एका फोल्डरमध्ये ठेवून डीपीकेजी-स्कॅनपॅकेजेसने छोटी रिपॉझिटरी करता येते. फक्त बिल्ड करताना -मार्च=नेटिव्ह असला फ्लॅग देऊ नका, नव्या प्रोसेसरवर बनलेलं जुन्या मशीनवर "इलीगल इन्स्ट्रक्शन" म्हणून पडतं. टेसरॅक्ट एव्हीएक्स वगैरे चालताना स्वतः ओळखतं, त्याला मदतीची गरज नाही.

आणि एक जबाबदारी आता तुमची झाली. ॲप्टने आलेल्या पॅकेजचे सिक्युरिटी अपडेट आले तर ते उबंटूकडून येतात, तुम्ही बनवलेल्याचे कोणी देणार नाही. 24.04 साठी टेसरॅक्टचा अपडेट आला की तोच सोर्स आणून परत बिल्ड, चेंजलॉगमध्ये पुढची नोंद. लेप्टोनिका आणि लिबटिफ मात्र तुम्ही उबंटूचीच ठेवलीत म्हणून उबंटूने त्यांचे अपडेट काढले की ते ॲप्टने येतील, आणि बाहेरच्या इमेज फाइली उघडणाऱ्या खऱ्या धोक्याच्या लायब्ररी त्याच आहेत. 22.04 ला 2027 पर्यंत अपडेट आहेत, तोवर स्कॅनरचं काहीतरी बघा.

चालवताना: हजारो पानं असतील तर एकेक पान देण्यापेक्षा पॅरलल (अनेक कामं एकदम चालवणारं टूल) लावा, पण त्याआधी ओएमपी_थ्रेड_लिमिट=1 करा. टेसरॅक्ट एका पानाला आपणहून चार थ्रेड लावतं, वरून तुम्ही चार पानं एकदम सोडलीत की सोळा थ्रेड एकमेकांना ढकलत बसतात आणि उलट हळू होतं. भाषा मराठी अधिक इंग्रजी अशी द्या, मासिकांत जाहिरातींमध्ये इंग्रजी असतंच. एका डागाळलेल्या पानावर साउवोला लावून आणि न लावून दोन्ही काढा आणि काही अडलं तर त्यांचं आउटपुट, टेसरॅक्ट --व्हर्जनचं पूर्ण आउटपुट आणि एलडीडीचं आउटपुट इथेच टाका. स्क्रीनशॉट नको, कॉपी करून टाका म्हणजे वाचता येतं.